पाणीच तर करतं सगळं? अमूर्त जलरंगचित्र घडतं कसं

मोबाईलवर हल्ली असे व्हिडिओ सतत समोर येतात. कोऱ्या कागदावरून ओला ब्रश फिरतो, त्या ओल्यावर निळा रंग टेकवला जातो, तो आपसूक पसरतो, कागद जरासा कलतो, चिमूटभर मीठ पडतं आणि मिनिटभरात एक देखणं, कशाचंच नसलेलं चित्र तयार. बघायला छान वाटतं, पण शंका उरतेच: ह्यात चित्रकारानं नेमकं काय केलं? सगळं तर पाण्यानंच केलं. मग असल्या चित्राला प्रदर्शनात फ्रेम कशासाठी, आणि शेजारच्या पाटीवर आठवणी, एकांत, निसर्ग असा मजकूर कशासाठी?

शंका रास्त आहे. ‘तुम्हाला कला कळत नाही’ म्हणून ती उडवून लावण्यात अर्थ नाही. तिचं उत्तर बरंचसं कागद सुकण्याच्या वेळात आहे, आणि व्हिडिओत नेमका तोच वेळ कापलेला असतो.

अमूर्त म्हणजे काय, हे एकदाच

ज्या चित्रात ओळखू येईल अशी वस्तू, व्यक्ती किंवा जागा नसते, रंग, आकार, रेषा आणि मोकळी जागा एवढ्यावरच जे उभं राहतं, ते अमूर्त. तिथं पोचायचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. काही चित्रकार दिसणाऱ्या गोष्टीपासून निघतात आणि तिच्यातला ओळखीचा भाग गाळत जातात. काहीजण सुरुवातच एखाद्या रंगापासून किंवा हाताच्या हालचालीपासून करतात. तयार चित्र बघून कोण कुठून आलं हे सांगता येईलच असं नाही.

रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्की ह्यांचं एक जलरंगचित्र पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या संग्रहात आहे. त्याच्यावर १९१० हे साल आहे आणि बरीच वर्षं ते ‘पहिलं अमूर्त जलरंगचित्र’ म्हणून ओळखलं गेलं. ते प्रत्यक्षात १९१३ चं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट तर १९०६ पासूनच अमूर्त चित्रं करत होत्या. पहिलं कोण हा वाद बाजूला ठेवू. आपल्याला हवंय ते, कागदावर काय घडतं.

ट्यूबमध्ये काय असतं

जलरंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. पाणी फक्त वाहून नेण्याचं काम करतं आणि उडून जातं.

थर पातळ असल्यामुळे प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत येतो. जलरंगाचा उजळपणा येतो तो असा, कागदाकडून. पारंपरिक पद्धतीत पांढरा रंग वापरतच नाहीत. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. त्यामुळे कामाचा क्रमच उलटा होतो. तैलरंगात शेवटी उजळ रंगाचा फटकारा मारता येतो. इथं सगळ्यात उजळ जागा कुठली, हे पहिला ब्रश लागण्याआधी ठरवावं लागतं. एकदा गेलेलं पांढरं पूर्णपणे परत येत नाही.

कागदाचंही तसंच. चांगला जलरंगाचा कागद कापसाचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम किंवा त्याहून जड असतो. पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून त्याला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. खळ नसेल तर रंग टेकताक्षणी आत मुरतो आणि निस्तेज दिसतो. पुढं जे सांगणार आहे त्यातलं काहीही वहीच्या कागदावर घडत नाही.

सुकण्याचं घड्याळ

आता मुख्य गोष्ट. भिजवलेला कागद एकाच अवस्थेत राहत नाही. आधी त्याच्यावर पाणी आरशागत चमकतं. मग चमक उतरते, पण कागद ओलाच असतो. मग तो नुसता दमट, हाताला गार लागणारा होतो आणि शेवटी कोरडा. ह्या प्रत्येक टप्प्यावर तोच रंग, तोच ब्रश, तोच हात वेगळं काम करतो.

चमकत्या पाण्यात रंग टाकला तर तो दूरवर पसरतो, त्याला कडाच राहत नाही. चमक उतरतानाच्या क्षणी टाकला तर थोडा पसरून थांबतो, कडा मऊ राहते. दमट कागदावर जवळजवळ जागेवरच बसतो. पण त्याच दमट कागदाला जास्त पाणी असलेला ब्रश लागला, तर ते जादा पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाला बाहेर ढकलतं आणि मध्ये फिकट, कडेला दातेरी गडद रेघ असलेला डाग उमटतो. चित्रकार त्याला ब्लूम म्हणतात. निसर्गचित्र करणाऱ्याच्या आकाशात तो आला तर कपाळाला हात. अमूर्त काम करणारा बऱ्याचदा मुद्दाम त्याची वाट बघत बसलेला असतो.

सुकल्यावर वॉशच्या, म्हणजे रंगाच्या पातळ हाताच्या, कडेला जी गडद रेघ राहते तिचं कारणही ठाऊक आहे. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा थेंब सुकला की त्याची कड गडद आणि मधला भाग फिकट दिसतो, तेच हे. थेंबाची कड जागेला चिकटून असते आणि तिथलं पाणी सगळ्यात लवकर उडतं. ती भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कण घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञान-नियतकालिकात ह्याचं स्पष्टीकरण दिलं. चित्रकारांना ते हातानं आधीपासून माहीत होतं, एवढंच.

त्यात प्रत्येक रंगद्रव्याचा स्वभाव निराळा. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत गोळा होतात आणि दाणेदार पोत येतो. थॅलो निळ्याचे कण फारच बारीक. तो कागदात असा बसतो की ओल्या ब्रशनं पुसून काढणं जवळपास अशक्य. दोघांना आपण ‘निळा’ म्हणतो, पण एक निवडला की पुढं माघार घेता येते, दुसरा निवडला की येत नाही.

तेव्हा ‘पाणीच करतं’ हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाणी करतं, पण ठरलेल्या रीतीनं करतं. कागदाच्या कुठल्या क्षणी कुठला रंग, किती पातळ, किती जोरानं, आणि आता हात लावायचा की नाही, हे चित्रकार ठरवतो. बाहेरून बघणाऱ्याला तो खुर्चीत बसून कागदाकडे नुसता बघतोय असं दिसतं, पण त्याचं काम चालू असतं ते तेव्हाच.

“मग हा अपघातच ना, फक्त शिकवलेला?”

काही अंशी हो. ह्या माध्यमात अपघाताला जागा ठेवावी लागते आणि चांगले जलरंगकार ते लपवत नाहीत. पण जागा ठेवणं आणि सगळंच त्याच्यावर सोडणं ह्यांत फरक आहे.

इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कझन्स ह्या चित्रकला शिक्षकानं १७८५ च्या सुमारास एक पद्धत छापून प्रसिद्ध केली होती: शाईचे डाग झटपट टाकायचे आणि त्यांतून निसर्गदृश्य शोधायचं. ऐकायला निव्वळ नशिबाचा खेळ. पण त्याची अट अशी होती की डाग टाकण्याआधी विषय मनात घट्ट धरलेला हवा. हात मोकळा, मन मोकळं नाही. अमूर्त जलरंगाच्या प्रक्रियेचं इतकं नेमकं वर्णन नंतरच्या बऱ्याच जाडजूड लेखांत सापडत नाही, हे माझं मत.

कँडिन्स्कींचंच उदाहरण पुढं नेऊ. १९१३ च्या ‘कॉम्पोझिशन ७’ ह्या प्रचंड तैलचित्रासमोर उभं राहिलं की वाटतं, मनात आलं ते फेकलंय. ते रंगवायला त्यांना जेमतेम चार दिवस लागले हेही खरं. पण त्याआधी त्यांनी तीसहून जास्त रेखाटनं, जलरंगातले आराखडे आणि तैलरंगातले अभ्यास केले होते. वर उल्लेख केलेलं ‘पहिलं’ जलरंगचित्र ह्याच तयारीशी इतकं जुळतं, की १९१३ सालाचा तर्क मुख्यतः त्यावरूनच आला.

इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नर १८५१ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या मागं राहिलेल्या हजारो कागदांत शेकडो असे निघाले, की ज्यांच्यावर नुसते ओले पट्टे आहेत: वर पिवळट, खाली निळसर, मध्ये धूसर. हे त्यांनी कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. पुढं यादी करणाऱ्या अभ्यासकानं त्यांना ‘कलर बिगिनिंग्ज’ म्हटलं. टर्नरना ते अमूर्त वाटत नव्हते. चित्राचा पाया म्हणून, सराव म्हणून ते केलेले होते. आज आपल्याला त्यांत पूर्ण चित्र दिसतं, पण ती नजर आपली आहे. मला त्यांतली संख्या महत्त्वाची वाटते. इतके कागद भिजवल्यावर पाणी काय करणार, ह्याचा अंदाज हातात उतरतो.

प्रेरणा चित्रात जाते कुठं?

पाटीवरच्या मजकुरानं सर्वात जास्त घोळ इथंच होतो. ‘प्रेरणा: समुद्र’ असं वाचलं की आपण चित्रात समुद्र शोधायला लागतो. सापडला तर खूश, नाही सापडला तर फसवल्यासारखं वाटतं. पण अमूर्त चित्रात प्रेरणा बहुतेक वेळा आकार म्हणून येत नाही. ती येते वेग म्हणून, अंतर म्हणून, किंवा ‘एवढंच वापरायचं’ अशा अटीच्या रूपात.

अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ ह्यांची गोष्ट ह्यासाठी फार उपयोगी आहे. १९१५ मध्ये त्यांनी आपलं आधीचं काम समोर मांडून पाहिलं आणि जाणवलं की ह्यातलं प्रत्येक चित्र कुणा ना कुणा शिक्षकाच्या वळणाचं आहे. मग त्यांनी रंग वापरणंच थांबवलं. काळ्या-पांढऱ्यात जमतंय तोवर रंगाला हात लावायचा नाही, असं ठरवून त्या कोळशानं काम करत राहिल्या. काही महिन्यांनी, १९१६ च्या जूनच्या सुमारास, एका चित्रासाठी निळ्यावाचून चालेना. तेव्हा फक्त निळा घेतला आणि जलरंगात निळ्याची एक छोटी मालिका झाली. ती आज ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. इथं प्रेरणा म्हणजे उपास आणि तो सुटण्याची वेळ.

त्याच वर्षी त्या टेक्सासमधल्या कॅन्यन गावी शिकवायला गेल्या. सपाट माळ, अडवणारं काही नाही, भलंमोठं आकाश. संध्याकाळी त्या बहीण क्लॉडियाबरोबर माळावर चालत जात. सूर्य पुरता मावळण्याआधीच शुक्राची चांदणी दिसायची. क्लॉडिया सोबत बंदूक घेऊन यायची आणि बाटल्या हवेत उडवून टिपायची. ह्या फेऱ्यांतून १९१७ मध्ये ‘ईव्हनिंग स्टार’ ही जलरंगांची मालिका आली: मध्ये एक छोटं वर्तुळ, त्याभोवती उमलत जाणारे पिवळे-लाल पट्टे, खाली गडद आडवी पट्टी. बंदूक नाही, बाटल्या नाहीत, बहीण नाही. राहिली ती फक्त एका बिंदूपासून बाहेर पसरण्याची जाणीव. आणि आता तंत्राकडे बघा. काही ठिकाणी दोन पट्ट्यांमध्ये कोऱ्या कागदाची बारीक फट सोडली आहे, म्हणजे ओले रंग एकमेकांत जात नाहीत. काही ठिकाणी ते मिसळू दिले आहेत. कुठं फट ठेवायची आणि कुठं मिसळू द्यायचं, हा त्या आकाशाबद्दलचा निर्णय आहे. प्रेरणा चित्रात शिरते ती अशा जागी.

पॉल क्ले ह्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक संगीत: वडील संगीतशिक्षक, आई गायिका, स्वतः व्हायोलिन चांगलं वाजवत. दुसरी, १९१४ च्या एप्रिलमधला ट्युनिशियाचा प्रवास, मित्र आउगुस्ट माके आणि लुई मोयिए ह्यांच्याबरोबर, जेमतेम दोन आठवड्यांचा. तिथला प्रकाश पाहून आपण आणि रंग एकच झालो, आपण चित्रकार आहोत, अशा अर्थाचं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. त्यानंतरच्या जलरंगांत घरं आणि बागा चौकोनांत विरघळताना दिसतात. संगीत उघडपणे आलं ते थोडं पुढं. फ्यूग म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांत परतून येते अशी पाश्चात्त्य संगीतरचना. १९२१ च्या ‘फ्यूग इन रेड’मध्ये एकच आकार फिकटापासून तेजस्वीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी पुन्हा पुन्हा येतो, मागून दुसरा आकार तेच करत येतो. हे पारदर्शक थरांनी होतं आणि प्रत्येक थर पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा देता येत नाही. वाजवायला काही मिनिटं लागतील अशी रचना कागदावर येताना सुकण्याच्या थांब्यांनी भरलेली असते.

सॅम फ्रान्सिस ह्यांना तर जलरंग आजारपणानं दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात प्रशिक्षण घेताना दुखापत झाली, पुढं मणक्याचा क्षय झाला आणि फार मोठा काळ रुग्णालयात पडून काढावा लागला. विरंगुळा म्हणून हातात जलरंग आले. पडल्या पडल्या छतावर खेळणारा प्रकाश बघण्याबद्दल त्यांनी नंतर सांगितलं आहे. पुढच्या काळात त्यांची बरीच चित्रं मध्ये भलीमोठी पांढरी जागा आणि कडेला सरकलेले रंग अशी आहेत. एकाचा दुसऱ्याशी थेट धागा जोडण्याचा मोह होतो, पण तो जपून जोडावा. मधल्या वर्षांत ते जपानला जाऊन तिथलं बरंच काही बघून आले होते. आयुष्य चित्रात येतं, पण एका रेषेत येत नाही.

हिल्मा आफ क्लिंट ह्यांचा प्रवास आणखी वेगळा. आधीची बरीच वर्षं त्यांची चित्रं आकृत्यांनी, चिन्हांनी बांधलेली होती. १९२२ पासून त्या ओल्या कागदावर जलरंग सोडू लागल्या आणि आकाराच्या जागी रंगाला पुढं जाऊ दिलं. साठीच्या उंबरठ्यावर हात असा सैल सोडायला धैर्य लागतं.

“पण चित्रकार सांगतो ती प्रेरणा खरी कशावरून?”

कशावरूनच नाही, कधी कधी. क्ले शीर्षकं बहुधा चित्र झाल्यावर देत. अनेकजण आधी काम करतात आणि मग त्याच्याकडे बघून ‘हे कशातून आलं असावं’ ह्याचा शोध घेतात. हे खोटं म्हणता येणार नाही, पण पाटीवरचा मजकूर हा बऱ्याचदा चित्रकाराचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. तो वाचून चित्र आवडायलाच हवं, असं मुळीच नाही. काही पाट्या तर सरळसरळ कुठल्याही चित्राखाली चालतील अशा असतात. त्या वाचू नयेत.

थांबायचं कधी

जलरंगात चित्र बिघडण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे आणखी एक हात. थर वाढले की प्रकाश कागदापर्यंत पोचत नाही आणि रंग मळतात. त्यात ओला रंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणजे समोर दिसतंय ते अंतिम नसतंच. आत्ता बरोबर वाटणारा रंग तासाभरानं फिकुटलेला असेल, हे धरून गडद घ्यावं लागतं, आणि चित्र संपलं की नाही हे सुकल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून बरेच चित्रकार कागद उलटा करून बघतात, आरशात बघतात, रात्रभर नजरेआड ठेवतात.

तैलरंगात गणित वेगळं असतं. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफनं थर चढवत, काढत, पुन्हा चढवत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. विचाराला लागणारा वेळ तिथं कॅनव्हासवरच घालता येतो. जलरंगात तो वेळ आधी घालावा लागतो, नाहीतर दोन कागदांच्या मध्ये. त्यामुळे बहुतेकजण एकाच विषयाचे कागदामागून कागद करतात, त्यातले थोडे ठेवतात, बाकीचे फाडतात किंवा पाठीमागून वापरतात. आपण बघतो ते एक चित्र म्हणजे उरलेला कागद.

“असं तर लहान मूलही करेल”

एखादं नक्की करेल, आणि ते सुंदरही असेल. पण त्याला त्याच्यासारखं दुसरं करायला सांगा, किंवा ‘आता थांब’ हे त्याचं त्याला ठरवू द्या. मूल कागद संपेपर्यंत किंवा कंटाळा येईपर्यंत रंगवतं, आणि तेच योग्य आहे. फरक एका चित्रात दिसत नाही, दहा चित्रं शेजारी ठेवली की दिसतो.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. अमूर्त जलरंगाच्या नावाखाली बरंच सुमार काम खपतं. मिठाचं उदाहरण घ्या. चमक उतरताना मीठ टाकलं की ते आसपासचं पाणी ओढतं आणि फिकट चांदण्या उमटतात. हमखास जमतं, हमखास छान दिसतं. पण चित्रभर सारख्याच चांदण्या पसरलेल्या असतील तर तिथं निर्णय मिठानं घेतलाय. असा परिणाम एकाच कोपऱ्यात, बाकीच्या शांत जागेला तोलून धरणारा दिसला, तर कुणीतरी विचार करत होतं असं समजायला हरकत नाही.

चित्रासमोर उभं राहिल्यावर

‘हे काय आहे?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून ‘आधी काय केलं असेल?’ असं विचारून बघा. सगळ्यात उजळ जागा शोधा. ती बहुधा कोरा कागद असते, म्हणजे पहिला निर्णय. मग कडा बघा. मऊ कड म्हणजे कागद ओला होता, धारदार कड म्हणजे आधीचं सुकेपर्यंत वाट पाहिली. एका रंगातून दुसरा आरपार दिसत असेल तर वरचा थर नंतरचा. पाचदहा मिनिटांत चित्राचा क्रम बराचसा उलगडतो आणि मग ते आवडलं की नाही हे सांगायला तुमच्याकडे काही आधार असतो.

संग्रहालयात जलरंगाच्या दालनात अंधूक उजेड का, हाही नेहमीचा प्रश्न. जलरंगाचा थर पातळ, त्याला वर तेलाचं किंवा व्हार्निशचं संरक्षण नाही, त्यामुळे उजेडानं काही रंगद्रव्यं उडतात. रसेल आणि ॲबनी ह्या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये ह्यावर सविस्तर प्रयोग करून अहवाल दिला होता. आज साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्रं काढून अंधारात विसावा देतात. घरी एखादं जलरंगचित्र लावणार असाल तर थेट ऊन पडणारी भिंत टाळा. स्वतः रंग घेणार असाल तर ट्यूबवरच्या आकर्षक नावापेक्षा मागच्या बाजूचा रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचा: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, टिकाऊ; पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरिन क्रिम्सन, दिसायला खानदानी लाल, पण उजेडात फिका पडणारा.